अर्धा राहिलेला डबा

“सगळ्यात मोठा दे,” मी म्हणाले.

इर्शादने काउंटरवरचं गिऱ्हाइकाचं सामान बाजूला सारलं. “आक्का, मोठा म्हणजे कसा?”

“मोठा म्हणजे मोठा. तुझ्या दुकानात जो प्रोसेसर सगळ्यात जोरात पळतो, तो. हे मधले-धाकटे मला दाखवू नकोस. उरण्यांच्या घरात धाकटं काही येत नाही.”

दुकानात चार माणसं उभी होती. एक जण प्रिंटर काखेत मारून आला होता, तो हसला. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो प्रिंटरची वायर गुंडाळायला लागला. इचलकरंजीत माझ्या तोंडाला लोक जरा वचकूनच असतात. पण त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही. हसू दिलं.

रेवती, माझी नात, माझ्याजवळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती. तिचा हात मी हातात धरून ठेवला होता. सोडला की ती आहे तिथेच राहायची, खांबाला टेकवून ठेवलेल्या पिशवीसारखी. कोणी ढकललं तर पुढे, नाहीतर तिथेच.

“बोर्ड कुठला आहे तुमच्याकडे? विलासदादांनी माझ्याकडून नेला होता तोच ना?”

“तोच.”

“मग ऐका आक्का. तुम्ही म्हणताय तो त्यावर बसेल. पण बसून काय करेल? त्याला पुरेशी वीज द्यायला घरचा सप्लाय कमजोर. मेमरी तोकडी. चित्रांचं काम करायचं तर वेगळं कार्ड पाहिजे, ते नाहीच. हा बिचारा उपाशी राहील.”

“राहू दे उपाशी. आमच्या पिढीच्या सुना उपाशी राहून कामं करत नव्हत्या?”

आता सगळेच हसले.

“तापतो पण फार. गार ठेवायला मोठा पंखा बसवावा लागतो याच्यावर.”

“पंखा आहे घरी. टेबलफॅन. समोर लावून ठेवीन.”

“आणि मेमरी?”

“त्याची मेमरी त्याने सांभाळावी. मला माझी सांभाळताना पुरेवाट होते.”

प्रिंटरवाल्याने तोंडावर रुमाल धरला. इर्शाद हसला नाही. तो भला पोरगा आहे, त्याच्या बापाचेही माग आमच्या गल्लीतच होते. त्याने माझ्याकडे बघितलं, मग खाली वाकून रेवतीकडे.

“रेवती, तूच सांग बाई आज्जीला. तू आणि दादा यायचात तेव्हा मला शिकवायचीस, याच्याबरोबर हेच पाहिजे, त्याच्याबरोबर ते नको. दादा तर म्हणायचे, आमची रेवती—”

तिची नखं माझ्या तळहातात रुतली.

मनात म्हटलं, आता. आता बोलेल. हाताला रक्त आलं तरी चालेल, पण बोल बाई.

ती उठली. माझा हात झटकला, दुकानाच्या पायऱ्या उतरली आणि सरळ रस्त्यावर जाऊन उभी राहिली. कडेला नाही, मधोमध. रिक्षा हॉर्न वाजवत तिच्या दोन्ही बाजूंनी जायला लागल्या. सुताचे गठ्ठे भरलेला एक टेम्पो करकचून थांबला आणि ड्रायव्हरने आईवरून शिवी दिली. मी कशी धावले मला आठवत नाही. पायात चप्पल नव्हती एवढं आठवतं. तिला ओढून कडेला आणली तेव्हा इर्शाद मागून माझी चप्पल आणि एक छोटं खोकं घेऊन धावत आला.

“तुम्ही म्हणालात तोच दिलाय. पण आक्का, सील फोडू नका. परत आणा, मी बदलून देईन.”

रिक्षात ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती. खांद्यात जीव नव्हता.

आता सांगते. दुकानात इर्शाद जे जे म्हणाला, ते मला सगळं कळत होतं. मी शाळेत दुसरीपुढे गेले नाही, सही काढते ती रांगोळी काढल्यासारखी. पण विलास आणि रेवती, बाप आणि लेक, रोज माझ्या समोर ताटावर बसून याच गोष्टीवरून भांडायचे. रेवती साड्यांचे काठ काढायची कॉम्प्युटरवर. पुढे तिच्या मनात आलं, साडी विणायच्या आधीच पडद्यावरच्या बाईला नेसवून दाखवायची, ती बाई चालेल, वळेल, पदर उडेल, व्यापारी घरबसल्या बघेल. जुना कॉम्प्युटर त्याला पुरत नव्हता. मग दोघांनी ठरवलं, एकेक सुटा भाग आणून नवीन घरीच जोडायचा. कॉम्प्युटरचा डबा आला, बोर्ड आला, आणि प्रोसेसरवर गाडी अडली.

विलास म्हणायचा, “एकदाच मोठा घेऊन टाकू. सगळ्यात मोठा.”

ती म्हणायची, “पप्पा, तो एकटा मोठा घेऊन काय करायचं? बाकीचं सगळं मागे, तो बसून राहणार.”

“बारा मागांना सुताच्या कांड्या भरणारी बाई एकच ठेवली, की माग थांबून राहतात. तसं का गं?” मी विचारायचे.

“हां आज्जी! तस्संच. बघा पप्पा, आज्जीला कळतं, तुम्हाला कळत नाही.”

विलास मुद्दाम पुन्हा म्हणायचा, “सगळ्यात मोठा.” आणि ती घास टाकून पुन्हा भांडायला लागायची. ‘सगळ्यात मोठा’ हे दोन शब्द ऐकून ती गप्प बसलेली मी कधी बघितली नव्हती.

म्हणून मी दुकानात ते सोंग केलं. बाजारात चार माणसांनी मला हसावं, असं मी उभ्या जन्मात होऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी हसवून घेतलं. माझ्याकडे पणाला लावायला दुसरं काही उरलं नव्हतं.

विलास उन्हाळ्यात गेला. माझा एकुलता एक. रेवतीची आई ती रांगत होती तेव्हाच गेली होती, तेव्हा घरात आम्ही दोघीच उरलो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन वर आलं तरी शिवेना. भटजी म्हणाले, काही तरी मनात राहिलंय, लेकीने बोलावं. सगळे रेवतीला म्हणायला लागले, बोल बाई, पप्पांना सांग काय ते. ती नदीच्या पायरीवर उभी होती. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि वळून निघून गेली. मीच मग ओरडून सांगितलं, “विलास, पोरीचं मी बघते, जा तू!” कावळा आला. पण रेवतीचं तोंड मिटलं ते मिटलंच.

आधी लोक म्हणाले दुःख आहे, उतरेल. मग कोल्हापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी माझ्या उशाखाली ठेवायचे आणि एकेक हाताने भरवायचे, कारण पाकीट तिच्या हातात द्यायची भीती वाटायची. दिवाळीच्या सुमाराला तिने जेवण सोडल्यात जमा केलं. चार घास, तेही मी शिव्या दिल्या की. तिच्या खोलीची कडी मी सुताराकडून काढून घेतली. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. ती न्हाणीत गेली की मी बाहेर पाटावर बसून तांब्याचा आवाज ऐकायचे. आवाज थांबला की हाक मारायचे. ती ओ देत नव्हती, फक्त तांब्या पुन्हा वाजवायची. तेवढाच आमचा संवाद.

आणि आज ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. गल्लीतले माग चालू होते, आमचे तेवढे विलास गेल्यापासून बंद. रेवती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. मी तिच्या समोर उभी राहिले. मी, जिच्यापुढे व्यापारी घाम पुसायचे, ती मी एका मुक्या झालेल्या पोरीपुढे उभी होते आणि माझ्याकडे एक शब्द नव्हता. रडावंसं वाटलं. पण मी रडले असते तर तिला धरणारं कोण होतं?

शेवटी मी कपाटावरचा डबा खाली काढला. विलासने अर्धा जोडून ठेवलेला. त्यावर त्याचाच टॉवेल होता. मला वाटलं, विलासने वचन मागितलं नसेल, पण नदीवर मी दिलंय. कसा का होईना, हा पुरा करते. मग देव जाणे. खरं सांगायचं तर मला काहीतरी हाताने करायचं होतं, नाहीतर मी त्याच जागी मोडून पडले असते.

टॉवेल काढून मी डबा पाटावर ठेवला. एका बाजूचं पत्र्याचं पान सैलच होतं, ते सरकवलं. आत तो हिरवा बोर्ड. त्याच्या मध्यावर एक चौकोन, बाजूला बारीक दांडी. विलासने मला दाखवला होता तो, म्हणाला होता, आई, इथे याचा मेंदू बसतो. मी दांडी उचलली, झाकण वर केलं.

आत ग्रीस होतं.

मी बोट लावून वास घेतला. मागाचंच ग्रीस, घरचं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच वासात स्वयंपाक केलाय मी, तो चुकणार नाही. वाळून काळं पडलं होतं. मला वाटलं, बरोबर आहे. जे तापतं, जे फिरतं, जे एकमेकांत बसतं, त्याला ग्रीस लागणारच. आमच्या घरात शिवणयंत्रापासून फाटकाच्या बिजागरीपर्यंत कशालाही काही झालं की पुरुष माणूस ग्रीसचा डबा घेऊन येतो. विलासने लावून ठेवलं होतं, वाळलं, आता नवीन लावायचं आणि प्रोसेसर बसवायचा.

मागाच्या शेडचं कुलूप काढलं. आत गेले नाही, दारातूनच हात घालून फळीवरचा ग्रीसचा डबा घेतला. परत येऊन बसले. इर्शादचं सील फोडलं. हे आता सोंग नव्हतं. मी खरोखर ते यंत्र पुरं करायला बसले होते, नाकावर चष्मा ठेवून, नवऱ्याचा सदरा रफू करायला बसावं तसं जपून.

“हे बघ,” मी तिच्याकडे न बघता म्हणाले, “तुझा बाप अर्धं काम टाकून गेला. मी नाही टाकत.” आणि बोटावर मोठा गोळा घेतला.

माझं मनगट धरलं गेलं.

“नाही.”

मी वर बघितलं नाही. मला भीती वाटली, बघितलं तर हे मोडेल.

“त्याला काही लावायचं नाही आज्जी.” आवाज खरखरीत, जणू वाटेत कुठेतरी अडकून आलेला. “प्रोसेसरखाली काहीच लावायचं नाही. कधीच नाही.”

“मग हे कोणी लावलंय?”

ती त्या चौकोनाकडे बघत होती. मनगट सोडलं नाही.

“पप्पांनी.”

विलास गेला त्या दिवशी मी बहिणीकडे हुपरीला गेले होते. मला फोन आला तो विलास गेल्याचाच. त्याआधी घरात काय झालं ते कोणी मला सांगितलं नव्हतं, कारण सांगणारी गप्प होती.

“मी सांगितलेला प्रोसेसर ते कोल्हापूरहून घेऊन आले होते,” ती म्हणाली. “मोठा नाही. मी म्हणत होते तोच. मी आंघोळीला गेले होते. त्यांना वाटलं बाहेर आले की जोडलेलाच दाखवावा. तर त्यांनी... आज्जी, इथे केसाएवढ्या पिना असतात, शेकड्यांनी. त्यांनी ग्रीस भरलं. मग त्यांना वाटलं जास्त झालं, तर फडक्याने पुसलं. सगळ्या वाकल्या. बोर्ड मेला, प्रोसेसरही वाया गेला. मी आले तर ते दोन्ही हात काळे करून बसले होते आणि खूश होते.”

“मग?”

“मी ओरडले.”

“काय म्हणालीस?”

तिने मान हलवली.

“काय म्हणालीस, रेवे?”

“म्हणाले, अडाणी. तुम्ही अडाणी ते अडाणीच राहणार. माझ्या कशालाच हात लावू नका.” तिने माझ्या बोटावरचं ग्रीस पुसून टाकलं. “ते हसले. चुकलंच बाय, म्हणाले, आत्ता दुसरा आणतो. हातसुद्धा न धुता निघाले.”

बाकीचं मला माहीत होतं. एसटी स्टँडजवळ त्याने स्कूटर नीट उभी केली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. बसला तो बसलाच. लोकांना वाटलं उन्हाचा टेकलाय. हाताला काळं काय लागलंय, असं त्याला आंघोळ घालताना बायका म्हणाल्या होत्या. मी म्हटलं होतं, मागवाल्याचे हात आहेत, काळेच असणार.

“माझ्यामुळे गेले ते,” रेवती म्हणाली. “नदीवर मला सगळे म्हणत होते, बोल. काय बोलणार होते मी?”

मला वाटलं तिला पोटाशी धरावं. पण तिच्या आत्यांनी, मावशांनी तिला पोटाशी धरून धरून काय झालं होतं? ती दगडासारखी घट्ट होत गेली होती. मला गोड बोलता येत नाही. मला जे येतं ते मी केलं.

“फार मोठी लागून गेलीस!” मी म्हणाले. “एका शब्दाने बाप मारणारी! अगं, तो शब्द तुझा आहे का? माझा आहे तो. अडाणी मीच म्हणायचे त्याला. सातवीत नापास झाला तेव्हा म्हटलं. नवीन माग उलटा जोडला तेव्हा म्हटलं. स्वतःच्या लग्नात अक्षता भटजीच्या डोळ्यात टाकल्या तेव्हा भर मांडवात म्हटलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. त्याने त्याचं डोकं कधी दुखलं नाही. आणि तू एकदा म्हणालीस आणि मेला? मग मी इतकी वर्षं काय आरती म्हणत होते?”

तिच्या तोंडातून काहीतरी निघालं. हसू होतं की हुंदका, मला कळलं नाही. मग पुन्हा तिचे डोळे विझायला लागले. मी बघत होते, समोर बघत होते, ती परत आत चालली होती. माझा शब्द पुरला नव्हता. विलासच्या मनात तो शब्द कुठे लागला, की लागलाच नाही, ते एक विलासलाच ठाऊक. मला माहीत नव्हतं आणि तिला ते दिसत होतं.

मी प्रोसेसर उचलला.

“बरं. मग हा कुठे घालू आता?”

मी डबा दाराकडे, उन्हाकडे ओढला.

“बोर्ड मेला म्हणतेस. तर यालाच उन्हात वाळवते.”

“आज्जी, वाळवून काय होणार? पिना वाकल्यात.”

“चिमट्याने सरळ करते. मागाच्या फणीच्या काड्या मी सरळ केल्यात.”

“नाही होणार तसं! आणि हा कशाला फोडलास तू? तो परत घेणार होता. इतका मोठा कशाला लागतो? इर्शाददादा सांगत होता ना तुला, मधला पुरतो. मधला घ्यायचा, बोर्ड नवीन घ्यायचा, आणि मेमरी दुप्पट करायची, बस्स. उरलेलं कार्डावर घालायचं.”

“हे दुकानात का नाही बोललीस?”

“तू सगळ्यांच्या समोर वेड्यासारखं करत होतीस! टेबलफॅन लावते म्हणे! माझी मान खाली गेली.”

“मग बोलायचं. मला म्हातारीला काय कळतंय? मोठा म्हणजे चांगला. सगळ्यात मोठा.”

“मोठा म्हणजे चांगला नसतो गं! किती वेळा सांगायचं? तू पण पप्पांसारखीच, अडा—”

तिने दोन्ही हात तोंडावर दाबले.

डोळे एवढे मोठे झाले तिचे. माझ्याकडे बघत राहिली. छातीकडे, तोंडाकडे. मी आता कलंडते की काय, म्हणून बघत होती. बाहेर कोणाचा तरी माग थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

“पुरं म्हण,” मी म्हणाले.

तिने मान हलवली.

“म्हण गं. बसलेय मी.”

“नको आज्जी.”

“म्हण.”

“अडाणी,” ती म्हणाली. ऐकूसुद्धा आलं नसतं इतकं हळू.

“हो. पुन्हा म्हण.”

“अडाणी.”

“हो.”

मग ती माझ्या मांडीवर कोसळली आणि रडायला लागली. रडता रडता तोच एक शब्द, पुन्हा पुन्हा, मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल असा. मला म्हणत होती की विलासला, की स्वतःलाच, मला कळलं नाही. उरण्यांच्या घरात माझ्या तोंडावर असं बोलायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. ती म्हणत राहिली, आणि दर वेळी मी हो म्हणत राहिले.